बकुळीचे खूर

पन्हाळ्यावर घोडं पाळायचं म्हणजे पावसाशी उभं वैर घ्यायचं. चार महिने गड ढगात बुडालेला असतो, समोरचा माणूस दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडची माणसं धुकं बघायला गाड्या भरभरून वर येतात. त्यांना घोड्यावर बसून फोटो काढायचा असतो. घोड्याला मात्र दिवसभर चिखलात उभं राहायचं असतं आणि गिऱ्हाईक आलं की जांभ्याच्या खडकावरून चालायचं असतं. चिखलानं खूर भिजून मऊ पडतो, खडक त्याला किसून काढतो, खिळे ढिले होतात आणि बघता बघता नाल कुठंतरी गळून पडते. मग घोडेवाला शिव्या घालतो. कुणाला, ते त्यालाही सांगता येत नाही.

ज्ञानूची सगळी हयात याच भांडणात गेली. तीन दरवाजापासून सज्जाकोठीपर्यंतचा दगड न् दगड त्याच्या ओळखीचा. तोंडानं फटकळ, मनानं हळवा, आणि आपलं तेच खरं करण्यात गडावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चांगल्या गोष्टीतही तो असा अडून बसायचा, की समोरच्यानं कंटाळून नाद सोडून द्यावा.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात त्याच्याकडं कस्तुरी होती. तांबूस रंगाची, गरीब स्वभावाची घोडी. लहान पोर पाठीवर बसलं की आपोआप पावलं जपून टाकायची. त्या साली पाऊस असा काही लागून राहिला की तिच्या पायांत नाल म्हणून टिकेना. कोल्हापुरातून नाल ठोकायला दस्तगीर नालबंद वर यायचा, त्याच्यावर ज्ञानू एक दिवस उखडला.

"काय रं दस्तगीर, तुझं खिळं काय लोण्यात ठोकतोस व्हय? आज मारलं की उद्या भाईर."

"खिळ्याला नावं ठेवू नगा, ज्ञानबा," दस्तगीर म्हणाला. "खूरच भुसभुशीत झालाय तर खिळा धरंल कशाला?" मग कस्तुरीचा पाय मांडीवर तसाच धरून त्यानं एक उपाय सांगितला. शर्यतीची घोडी पाळणारे लोक खुराला फॉर्मेलिन लावतात. शाळेत बाटलीत बेडूक ठेवतात ना, तेच ते. "पाणी घालून पातळ करायचं. खूर कोरडा करून खालच्या अंगाला थोडं फासायचं, वर केस सुरू हुत्यात त्या कडंला लागू द्यायचं न्हाय. खूर आवळतोय, खिळा धरतोय. फायदा लई हाय. पर जास्त झालं की खूर वाळतोय आन् तडकतोय. कडक झाला की सोडून द्यायचं, एवढं ध्यानात ठेवा."

ज्ञानूनं यातलं फायद्यापर्यंतचं ऐकलं. पुढचं कानावर पडलं असेल, पण आत गेलं नाही.

आणि गुण आला की! दोन आठवड्यांत कस्तुरीचे खूर असे झाले की खडकावर टाप पडली की खणखणीत आवाज यावा. बाकीच्यांची घोडी नाला गाळत फिरत असताना कस्तुरी ठणठणीत. ज्ञानू चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचा, "दगुड झालाय, दगुड! हाणून बघा पायजे तर." जे थोडं लावून एवढं होतंय ते भरपूर लावलं तर काय होईल, असा त्याचा सरळ हिशेब. पाणी घालायचं त्यानं बंद केलं. तळव्याला लावलं, भिंतीला लावलं, वर पार केसापर्यंत लावलं. पाऊस उघडला तरी थांबला नाही. अति तिथे माती, ही म्हण त्यानं दुसऱ्यांना कितीदा तरी ऐकवली असेल.

दिवाळीच्या तोंडावर दस्तगीर आला आणि त्यानं खुरावरून बोट फिरवून बघितलं. खुराच्या भिंतीवर बारीक उभ्या चिरा पडल्या होत्या, उन्हानं शेताला पडतात तशा.

"बास करा आता," तो म्हणाला. "आन् आजपास्नं हिला ओल्या मातीत उभी करा. गोणपाट भिजवून पायाला बांधा, रोज. आत्ता केलं तर सावरंल."

"सुट्ट्या हायत रं पोरांच्या. पावणं रांगा लावून उभं हायत. एवढ्या सुट्ट्या सरू देत."

सुट्ट्या सरल्या. तोवर एक चीर चढत चढत केसापर्यंत गेली होती. थंडीतल्या एका सकाळी अंधारबाव विहिरीकडच्या उतारावर कस्तुरीचा पाय खडकाच्या कपारीत अडकला आणि नालेसकट, खिळ्यांसकट खुराचा बाहेरचा तुकडा निखळून पडला. ती ओरडलीसुद्धा नाही. पाय उचलून तशीच उभी राहिली, आणि ज्ञानूकडं बघत राहिली.

त्यानंतर कस्तुरीच्या पाठीवर कुणी बसलं नाही. ज्ञानूनं गोणपाटं बांधली, तेल लावलं, देवाला नारळ फोडला. सगळं केलं, पण सगळं उशिरा. खूर वाढला तो वेडावाकडा. पुढं तिला एक शिंगरू झालं, त्याचं नाव त्यानं बकुळी ठेवलं. कस्तुरी लंगडत का होईना, लेकीमागं फिरायची. ज्ञानू वैरण टाकताना तिच्या तोंडाकडंच बघायचा, पायांकडं नजर जाऊ द्यायचा नाही. बकुळी पाठीवर माणूस घ्यायला लागली त्या साली कस्तुरी गेली. त्या दिवशी ज्ञानूनं घरात सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "ह्या घरात परत ती बाटली यायची न्हाय. बकुळीच्या पायाला कुणी कायबी लावलं तर माझं मेलेलं तोंड बघंल."

बायको अंबूबाई म्हणाली, "अवो, शपथा कशाला घालताय?" पण शपथ घालून झाली होती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ज्ञानू तर ताकाचं भांडंसुद्धा घरात ठेवू देईना.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यापर्यंत ज्ञानूचे गुडघे गेले होते, आणि बकुळीला त्याचा मुलगा संग्राम फिरवू लागला होता. पंचविशीतला, अंगानं दणकट, बापासारखा तोंडाळ नाही. सोमवार ते गुरुवार तो खाली कोल्हापुरात मार्केट यार्डात टेम्पोवर जायचा, शुक्रवारी वर यायचा आणि शनिवार-रविवार गर्दीच्या दिवशी बकुळीला घेऊन उभा राहायचा. बकुळीवर त्याचा भारी जीव. टेम्पो म्हणजे पोटापुरता उद्योग. मनातून त्याला आणखी दोन घोडी घ्यायची होती आणि बकुळीच्या जोरावर गडावर बापासारखं नाव काढायचं होतं. पण त्या साली पाऊस कोसळला तो असा की पंचगंगेनं खाली निम्मं कोल्हापूर पाण्यात घेतलं, आणि वर बकुळीच्या नाला पुन्हा गळू लागल्या. खूर कडेनं भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटायला लागले.

संग्रामनं तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं मलकापूरकडच्या डॉक्टर स्नेहल नव्यानं आल्या होत्या. त्यांनी चारी पाय नीट तपासले.

"औषध आहे," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही बाजू ऐकून घे आणि मग ठरव. लावलंस तर खूर घट्ट होईल, खिळे धरतील, तळवा खडकानं दुखणार नाही. जास्त लावलंस, नाहीतर उघड्या जखमेवर, केसाच्या कडेवर लावलंस, तर नुकसान होईल. मी पातळ करून देते. आठवड्यातून दोनदा, फक्त खालच्या भागाला, पाय पूर्ण कोरडे करून. आणि महत्त्वाचं म्हणजे तिला कोरड्या जागेत बांधायची. ते जमणार नसेल तर औषध नेऊच नको."

घरी येऊन संग्रामनं विषय काढला. ज्ञानू सोप्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होता.

"आबा, म्याडम म्हणत्यात, थोडं लावलं तर..."

"थोडंच म्हणत्यात सगळी. दस्तगीर बी थोडंच म्हणालता."

"तुम्ही थोडं लावलंतं व्हय?"

ज्ञानूच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगं खरं बोललं होतं, त्यामुळं जास्तच. "तिच्या आईचा पाय मी डोळ्यानं बघितलाय. तू शाळंत होतास तवा. मी जित्ता हाय तवर न्हाय म्हंजे न्हाय!"

संग्राम उठून बाहेर गेला. भांडला नाही. पण दुसऱ्या शुक्रवारी त्यानं बाटली आणली आणि गवताच्या गंजीमागं ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी एकदा आणि रविवारी गिऱ्हाईक सरल्यावर एकदा, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं, पाय पुसून, कोरडे करून तो लावायचा. एक थेंब इकडं तिकडं नाही. गोठ्यात त्यानं भुश्श्याचा जाड थर टाकला. बापानं विचारलं तर सांगितलं, "गारठ्यासाठी." बापाला फसवताना त्याला वाईट वाटत होतं. पण घोडी चांगली झाली की सांगू, आबांचा राग तेव्हा आपोआप निवेल, असं त्यानं धरलं होतं.

आता ज्ञानूचे गुडघे गेले होते, नाक नव्हे. सोमवारी सकाळी वैरण टाकायला तो गोठ्यात शिरला आणि दारातच थबकला. तो उग्र वास अकरा वर्षांनी आला तरी त्यानं लगेच ओळखला. बकुळी कान टवकारून त्याच्याकडं बघत होती, आणि त्याला ती बकुळी दिसेचना. अंधारबावच्या उतारावर पाय उचलून उभी राहिलेली तिची आई दिसली.

खरं तर त्यानं त्याच वेळी पोराला गाठून बोलायला हवं होतं. शिव्या घालायला हव्या होत्या. शिव्यांत तो कधी कमी पडला नव्हता. पण ह्या वेळी त्याचं तोंड उघडलं नाही. पोरानं शपथ मोडली म्हणजे आता पोर आपलं ऐकत नाही. तोंड उघडलं तर ते कायमचं खाली कोल्हापुरात जाईल आणि घोडी विकून टाकेल, अशी धास्ती त्याच्या मनात बसली. बोलून वाद कशाला? आपल्याला उपाय ठाऊक आहे. मागच्या वेळी उशीर केला, ह्या वेळी करायचा नाही.

त्यानं भुस्सा बाजूला लोटला. गोठ्याच्या कोपऱ्यात माती भिजवून चिखल केला आणि बकुळीला त्यात उभी केली. गोणपाटाचे तुकडे पाण्यात बुचकळून तिच्या चारी पायांना बांधले, वरून शेण-मातीचा लेप दिला. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. दिवसातून तीनदा वाकून तो गोणपाटावर पाणी मारायचा. गुडघे बोंबलायचे, तरी वाकायचा. शुक्रवारी सकाळी सगळं सोडून, पाय धुऊन, भुस्सा पुन्हा पसरून ठेवायचा. खूर हाताला मऊ, ओलसर लागायचे आणि त्याला बरं वाटायचं. जे कस्तुरीसाठी केलं नाही ते आपण आता करतोय, असं वाटायचं. बकुळीच्या गळ्यावर डोकं टेकून तो एकदा म्हणालाही, "तुझ्या आईला सांग, आबानं ह्या टायमाला उशीर केला न्हाय."

शुक्रवारी पोरगं यायचं आणि खूर बघून बुचकळ्यात पडायचं. एवढं जपून लावतोय तरी गुण कसा येत नाही? मग तो पाय जास्त वेळ पुसायचा, थोडं जास्त लावायचा. सोमवारी बापाला वास जास्त यायचा. मग बाप जास्त पाणी मारायचा. लाल मातीत दोन पैलवान भिडावेत तशी बापलेकांची कुस्ती त्या एवढ्याशा खुरावर चालली होती, आणि दोघांनाही आपला जोडीदार कोण आहे याचा पत्ता नव्हता. म्हणजे बापाला होता. त्यानं सांगितला नाही, एवढंच.

असं पावसाळाभर चाललं. गणपती बसायच्या आधीच्या रविवारी गडावर पाय ठेवायला जागा नव्हती. संग्राम एका कॉलेजच्या पोराला बसवून तीन दरवाजाकडं निघाला होता. खडकावर बकुळीची पुढची नाल एका बाजूनं सुटली, फिरली, आणि पुढच्या पावलाला तिचा सुटलेला खिळा तळव्यात घुसला. संग्रामनं आधी पाहुण्याला उतरवलं, मग पाय उचलून बघितला. तळवा इतका मऊ होता की खिळा बोटभर आत गेला होता, आणि वरची भिंत इतकी ठिसूळ की हात लावला तिथं तुकडा निघत होता. एकाच खुरात दोन्ही दोष. त्याला काही कळेना.

डॉक्टरबाई गोठ्यातच आल्या. त्यांनी खिळा उपसला, भोवतीचा तळवा कापला, जखम धुतली. अंबूबाई कंदील धरून उभी होती, कारण वीज नेहमीप्रमाणं गेली होती. ज्ञानू दाराशी.

"संग्राम, हिला पाण्यात उभी करत होतास का?"

"न्हाय, म्याडम. भुश्श्यावर बांधत होतो. तुम्ही सांगितलं तसं."

"मग हे असं होणार नाही. हा खूर रोज भिजलाय."

अंबूबाईला वाटलं, आपल्या नवऱ्याच्या कष्टाचं कुणीतरी नाव काढलं पाहिजे. ती पुढं होऊन कौतुकानं म्हणाली, "ह्यांनी लई काळजी घेतली की वो तिची. संग्राम नसला की रोज ओली गोणपाटं बांधत हुतं. गुडघं दुखत असताना. विचारा की त्यास्नी."

संग्राम वळला आणि बापाकडं बघितलं. ज्ञानू आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून उभा होता.

डॉक्टरबाईंना सगळं समजलं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "नुसतं कोरडं ठेवलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "औषध न लावता नुसतं पावसावर सोडलं असतं, तरी कसंबसं निभावलं असतं. पण चार दिवस भिजवायचं आणि तीन दिवस वाळवायचं, हे कुठलाच खूर सोसत नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांना एकदा जरी सांगितलं असतं..." आणि मग त्यांनी वाक्य तसंच सोडून पट्टी बांधायला घेतली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. ज्ञानूला हसू आलं नाही. एका घोडीवर औषधाचा अतिरेक केला, दुसरीवर पश्चात्तापाचा. एकीच्या दुखण्याचा उतारा तो दुसरीला देत बसला, आणि ती दुसरी आहे हे एकदाही त्याच्या ध्यानात आलं नाही.

जखम भरायला संक्रांत उजाडली. पायात जीव आला, चाल काही परत आली नाही. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, मऊ जमिनीवर ती सुखानं जगेल, शिंगरंही देईल, पण गडाचा खडक आता तिच्या नशिबी नको. संग्राम एवढे महिने बापाला एका शब्दानं बोलला नव्हता. ज्ञानू वाट बघत होता, पोरगं एकदा तरी फाडफाड बोलेल, म्हणजे आपलं काळीज हलकं होईल. जेवताना तो मुद्दाम विषय काढायचा. संग्राम भाकरी मोडत राहायचा.

मग एका सकाळी संग्रामनंच सांगितलं. "गडमुडशिंगीचा आकाराम हाय न्हवं, मळेवाला. त्याच्याकडं काळी रानं हायत, कोरडा गोठा हाय. बकुळीला न्यायला तयार हाय तो."

"इकणार तिला?"

"इकत न्हाय. देतोय."

ज्ञानू काठी टेकून उठला. "आरं, हितं ऱ्हाऊ दे की. नसंल फिरवायची तर नगं. मी सांभाळतो. माझ्या डोळ्यांसमोर ऱ्हाईल तरी."

"न्हाय, आबा." संग्रामचा आवाज चढला नव्हता. "मी बी सांभाळली, तुम्ही बी सांभाळली. तुम्हांला बी तिची माया, मला बी. तरी काय झालं बघितलासा न्हवं? आपल्या दोघांच्या हातात तिला ठेवायला आता मला भ्या वाटतंय."

दोघांच्या म्हणाला. एकट्याच्या म्हणाला असता, तर ज्ञानूनं ते पदरात घेतलं असतं. पोरानं निम्मा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. जन्मभर बोलण्यात मागं न हटणाऱ्या माणसाला त्या दिवशी एवढंच म्हणता आलं, "बराबर हाय तुझं."

आकाराम टेम्पो घेऊन आला. फळी लावली. संग्रामनं दोरी धरून बकुळीला ओढलं, ती पाय रोवून उभी राहिली. आकारामनं मागून थोपटलं, हिरवा चारा दाखवला, पण ती फळीवर पाऊल ठेवेना. तो दुखरा पाय ती पुढं करायची आणि मागं घ्यायची. संग्राम घामाघूम झाला. शेजारची माणसं जमली, सल्ले द्यायला लागली.

अंबूबाई हलकेच म्हणाली, "तुम्ही जावा की."

ज्ञानू जागचा हलेना. "माझ्यानं हुनार न्हाय."

"तुमच्याबिगर ती चढायची न्हाय. पोराची दमछाक बघा."

तो गेला. पोराच्या हातातून दोरी घेतली आणि काठीचा आधार घेत फळीवर चढला. दोरी ओढलीसुद्धा नाही. आत जाऊन नुसती जीभ वाजवून हाक मारली. बकुळीनं एकदा हुंगलं, आणि त्याच्यामागं, तो दुखरा पाय टेकत टेकत, काही न विचारता वर चढली. आत येऊन तिनं त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं. जगात ज्या माणसाचं सगळ्यात जास्त भय धरायला पाहिजे होतं, त्याच्यावरच तिचा सगळा विश्वास होता, आणि तिला हे सांगणार कोण!

"उतरा, आबा," संग्राम खालून म्हणाला.

ज्ञानू उतरायला वळला, तशी बकुळीही त्याच्यामागं वळली. तिला वाटलं, चढायचं होतं ते चढून झालं, आता आबाबरोबर घरी जायचं. संग्रामला तिला मागं लोटून, तिच्या छातीसमोर बांबू आडवा घालावा लागला.